वरचे घर

दि. २ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

'तीर्थस्वरूप' लिहिलं आहे, 'तीर्थरूप' नाही. तीर्थरूप फक्त आईवडील. बदलीच्या गावाहून मी पाठवलेली पत्रं तू तांबड्या शाईनं दुरुस्त करून परत धाडायचास, तेव्हापासून हे पाठ आहे.

सहल छान चालली आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या आम्ही सगळ्या, आणि आम्हाला अजूनही रांगेत उभं करणाऱ्या आमच्या जुन्या पर्यवेक्षक बाई. नदीकाठची जुनी गावं एकेक करून बघायची, असा बेत. पहिल्या गावात दगडी पूल आहे आणि पुलावरच दुकानं; टोपी पसंत करत असताना पायाखालून पाणी वाहताना ऐकू येतं. दुसऱ्या गावचं संग्रहालय म्हणजे एक लांबलचक खोली. राखणदार आपल्या पुढचा दिवा लावत जातो आणि मागचा विझवत येतो. मागे वळून काही पुन्हा बघायचं तर त्याची मनधरणी करावी लागते. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, असा माणूस आपल्या खात्यात हवा होता.

आता आहोत ते तिसरं गाव मला सगळ्यांत आवडलं. उतारावर वसलं आहे. खालची आळी नदीला लागून, वरची टेकडीवर, आणि मधे दगडी पायऱ्या. खालच्या भिंतींवर जुन्या पुरांच्या रेघा ओढल्यात. काही तर माझ्या डोक्याच्या वर जातात. गंमत म्हणजे खाली एखादं दार निळं असलं की वरही कुठेतरी नेमकं तसंच निळं दार सापडतं. हिरव्याला हिरवं, पिवळ्याला पिवळं. वाटाड्याला विचारलं तर म्हणाला, एकदम रंग घेतला की स्वस्त पडतो. मला काही ते पटलं नाही.

दूध तापत ठेवलंस की समोरून हलू नकोस. वर्तमानपत्र घेऊन बसलास की तुला दूध दिसत नाही, छपाईच्या चुका दिसतात.

मोठ्या बहिणीसारखी बोलते म्हणून रागावू नकोस. धाकटीवरची माया आहे तशी राहू दे.

तुझी,
धाकटी

—

दि. ९ सप्टेंबर

चि. धाकटी हिस,
अ. उ. आ.

तुझे पत्र पोहोचले. 'मधे' नव्हे, 'मध्ये'. एरवी पत्र निर्दोष आहे, आणि नेमकी तीच मला काळजीची बाब वाटते. तू निर्दोष लिहितेस तेव्हा काहीतरी जपून लिहीत असतेस.

तुमची मंडळी परवा परतली. तू परतली नाहीस. तुमच्या पर्यवेक्षक बाई तुझी एक पिशवी घेऊन आल्या आणि तू थोडे दिवस तेथेच थांबली आहेस, असे त्यांनी सांगितले. थोडे म्हणजे किती, असे मी विचारले, तेव्हा त्या नुसत्या हसल्या. या वयाची बाई दोन मजले चढून येते, धापा टाकते आणि तरीही हसते, तेव्हा तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते आणि ते सांगायचे नसते. मी त्यांना पाणी दिले; त्यांनी मला माहिती दिली नाही.

लहान गावांच्या गोडव्याविषयी माझे मत तुला ठाऊक आहे. छापखान्यात मुद्रिते तपासण्यात माझे आयुष्य गेले, आणि त्यांत प्रवासवर्णनांचा भरणा मोठा होता. प्रत्येक लेखकाला प्रत्येक गावी हसतमुख माणसे भेटतात आणि प्रत्येकाचे पाकीट तिसऱ्या प्रकरणात हरवते. तुझा वाटाड्या दारांच्या रंगाविषयी खरे बोलला नाही, हे तूच लिहिले आहेस. साध्या रंगाविषयी जे गाव खरे सांगत नाही, ते इतर बाबतींत काय सांगत असेल, याचा विचार तू केलेला दिसत नाही.

येथे सर्व ठीक आहे. दूध उतू गेले नाही. ते आणलेच नव्हते.

परतीची तारीख उलट टपाली कळवावी. कारणे मागाहून पाहता येतील. घरातील सर्वांचे, म्हणजे माझे, आशीर्वाद तुझ्यापाशी आहेतच. त्यांच्यासह तूही घरी यावीस.

तुझा,
दादा

—

दि. १६ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तारीख कळव म्हणालास. ती माझ्याकडे नाही, म्हणून कारणं कळवते.

इथल्या धक्क्यावर कुठली होडी कुठे निघाली, हे भोंग्यातून सांगणाऱ्या बाईंचा घसा बसला. आम्ही निघायच्या दिवशी तिथे नुसता गोंधळ. पलीकडच्या गावचे लोक खालच्या गावच्या होडीत, आणि एक नवरदेव भलत्याच वऱ्हाडात. सगळी नोकरी मी 'थांबा, जोडून देते' म्हणत काढली; मला राहवलं नाही. भोंगा उचलला आणि सगळ्या होड्या ज्याच्या त्याच्या वाटेला लावल्या. धक्क्याच्या साहेबांनी विचारलं, उद्याही याल का. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, राहा गं, घरी जाऊन भावाच्या चष्म्याचं घरच शोधणार आहेस ना?

खालच्या आळीत दोन खोल्या घेतल्या आहेत, निळ्या दाराच्या. खिडकी उघडली की नदी. शेजारी एक दोर वळणारी बाई आहे; तिच्या दोराला टोक आहे, बोलण्याला नाही. वरच्या आळीत घड्याळजी आणि त्यांची आई राहतात. आईंना सगळं गाव आजी म्हणतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही एकत्र जेवतो, कधी वर, कधी खाली. घड्याळजी सकाळी मनोऱ्यावर चढून गावाचं घड्याळ लावतात आणि उतरताना माझ्या दारावर टकटक करून वेळ सांगून जातात. आम्ही सगळे त्यावरच चालतो.

माझी लोखंडी पेटी आणि आईची शाल पाठवून दे. नदीवरून संध्याकाळी गार वारा येतो.

दादा, इतक्या वर्षांत मला कुणी 'उद्याही याल का' असं विचारलं नव्हतं. तू एकदा येऊन बघ. तुझा संशयही बरोबर आण, त्याला वेगळं तिकीट पडत नाही.

रागावलास तरी चालेल, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

—

दि. २२ सप्टेंबर

मित्रवर्य स्टेशनमास्तर यांस,
स. न. वि. वि.

लिहिताना मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणतो, याचे आश्चर्य मानू नये. भेटीत अरे-तुरे आहेच. कागदावर मर्यादा पाळलेली बरी.

सोबत धाकटीचे पत्र पाठवीत आहे. ते दोनदा वाचावे. प्रथम वाचनात ते आनंदी वाटते. दुसऱ्या वाचनात तुमच्या लक्षात येईल की एकटी राहणारी स्त्री सुट्टीच्या दिवशी 'आम्ही' होते. हे सर्वनाम तिच्या पत्रात कोठून आले? त्याच ठिकाणी एक घड्याळजी उभा आहे. हा मनुष्य प्रत्यही सकाळी तिच्या दारावर टकटक करून वेळ सांगतो. तिच्या मनगटावर घड्याळ आहे, मास्तर. ते मीच तिला दिले आहे आणि ते उत्तम चालते.

पत्नी गेल्यानंतर धाकटी माझ्याकडे राहायला आली. घर तिने सांभाळले, हे मी नाकारीत नाही. आता ती भोंग्यातून होड्यांची नावे पुकारते आणि पेटी मागविते. पेटी मागविणारे माणूस परत येत नसते. मी पेटी पाठविली, शालही घातली. न पाठविण्यास सबळ कारण मला सापडले नाही.

आपण रेल्वेच्या पासावर हिंडता. नदीकाठची प्राचीन गावे पाहावीत, असे आपल्याला वाटत नसेल, तर ते वाटून घ्यावे. मी पाठविल्याचे कळू देऊ नये. जे दिसेल ते लिहावे. जे वाटेल ते लिहू नये.

स्नेह जुना आहे. त्याला हे नवे ओझे झेपेल, अशी आशा करतो.

आपला,
पंडित
(हे नाव तुम्हीच ठेविलेले आहे.)

—

दि. २९ सप्टेंबर

प्रिय पंडितास,
स. न. वि. वि.

तुझा गुप्तहेर सुखरूप परतला. गाव बाकी झकास आहे रे. संध्याकाळी धक्क्यावर बसलं की दिवे पाण्यात उतरतात आणि माणूस उगीचच चांगला होतो. पण तुला ते नको आहे, तेव्हा कामाचं सांगतो.

धाकटीनं मला बघताक्षणी विचारलं, दादानं पाठवलं का. मी म्हटलं, छे, डॉक्टरांनी नदीची हवा सांगितली. ती म्हणाली, डॉक्टरांचं अक्षर दादासारखंच दिसतंय. मग पोटभर जेवू घातलं. भोंग्यावरचा तिचा आवाज ऐकलास तर तुला खरं वाटणार नाही. अख्खी नदी तिचं ऐकते. माझ्या स्टेशनात असा आवाज असता तर एक गाडी चुकली नसती.

आता ते दुसरं. तिच्या दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर एक भली मोठी लोखंडी किल्ली टांगलेली आहे. ती तिच्या घराची नाही. तिची किल्ली तिच्या बटव्यात असते, मी पाहिली. टांगलेल्या किल्लीला पितळी बिल्ला आहे आणि त्यावर घड्याळ कोरलंय. तसंच घड्याळ घड्याळजीच्या दुकानाच्या पाटीवर आहे. मी दुकानात जाऊनही आलो, माझं घड्याळ मागे पडतं म्हणून. माणूस उंच, बोलणं मऊ, केस काळेभोर. मला म्हणाला, त्या आल्यापासून आमच्या घरात बोलणं सुरू झालं. त्याची आई आतून बघत होती. 

किल्लीबद्दल मी विचारलं नाही. पाहुण्यानं ताटात काय आहे ते बघावं, भिंतीवर काय आहे ते नाही.

जे वाटेल ते लिहू नको म्हणालास, तरी लिहितो. तुला घड्याळजीचा संशय बिंशय काही नाही. तुला घरात कुणी बोलायला नाही आणि पोळी गार खावी लागते.

तुझ्या तांबड्या शाईतून वाचलेला, आणि त्यामुळे तुझ्यावर लोभ करू शकणारा,
मास्तर

—

दि. १ ऑक्टोबर

रा. रा. घड्याळजी यांस,
सा. न. वि. वि.

आपला व माझा परिचय नाही, आणि तो व्हावा, असा या पत्राचा हेतू नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या राहत्या घरी आपल्या घराची किल्ली टांगलेली आहे, असे मला विश्वासू माणसाकडून समजले. ती तेथे का आहे, हे मी विचारीत नाही. कारण त्याचे जे उत्तर येईल, ते वाचण्याची माझी इच्छा नाही. माझी बहीण परगावी एकटी आहे, तथापि तिच्यामागे कोणी नाही, असा समज आपण करून घेतला असल्यास तो दुरुस्त करावा. घरातील वडीलधारा या नात्याने मी सांगतो की, आपण आपली किल्ली परत न्यावी आणि सकाळची वेळ आपल्या घड्याळापुरती ठेवावी.

केसांचा रंग माणसाचे वय झाकू शकतो. हेतू झाकू शकत नाही.

लोभाची अपेक्षा नाही. सांगितले तेवढे व्हावे.

— निळ्या दारातील बाईंचा वडील बंधू

—

दि. १२ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र घड्याळजींनी मला वाचायला दिलं नाही. ते धक्क्यावर आले, टोपी हातात, आणि म्हणाले, मावशी, तुमच्या थोरल्या भावानं किल्ली न्यायला सांगितलंय, घरातल्या मोठ्या माणसाचा शब्द मला मोडता येत नाही. हो, मावशी म्हणतात ते मला. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आहेत. केस काळे आहेत, कारण अजून पिकलेले नाहीत.

ती किल्ली कसली ते ऐक. इथे खालच्या प्रत्येक घराला वर एक घर असतं. नदी चढली की खालच्यांनी त्या वरच्या घरात जायचं, आणि वरच्यांनी खाली येऊन सामान उचलायचं. म्हणून दोन्ही दारांचा रंग एक. आणि वरची माणसं कुठे गेली असली तरी दार उघडता यावं, म्हणून वरची किल्ली खालच्या खिळ्याला. माझ्या निळ्या दाराला आजींचं घर. खोल्या घेतल्या त्याच दिवशी किल्ली आली. तुला लिहिलं नाही, कारण छत्री कुठे टांगली आहे हे कुणी पत्रात लिहितं का? तू एक ओळ विचारली असतीस तर एका ओळीत सांगितलं असतं. तू मला सोडून सगळ्यांना विचारलंस.

इथे किल्ली परत जाते ती दोन घरांत वैर आलं तरच. भर आळीतून ती वर गेली. दोर वळणारी बाईसुद्धा त्या दिवशी गप्प राहिली, यावरून काय ते समज.

मग डोंगरात पाऊस झाला आणि नदी चढली. घड्याळजी मनोऱ्यावर घंटा वाजवत होते, मी भोंग्यातून लोकांना वर जायला सांगत होते. ज्याची त्याची वरची माणसं खाली आली. गाद्या नेल्या, शेगड्या नेल्या, म्हातारी माणसं पाठीवर घेऊन नेली. माझ्या दाराशी कुणी आलं नाही. येणार कोण? मी कुणाचीच नव्हते. अंथरूण, स्टोव्ह आणि भोंगा घेऊन मी एकटी पायऱ्या चढले. पेटी हलली नाही. पाणी खिडकीपर्यंत आलं. आईची शाल पेटीतच होती. आता ती चिखलानं ताठ झाली आहे आणि धुवायला घेतली की हातात येते.

मनोऱ्याखाली अंथरुणावर बसले होते, तेव्हा आजींनी बोलावणं पाठवलं. म्हणाल्या, किल्ली गेली तरी पाहुणी म्हणून ओसरीवर ये. ओसरीवरच आहे. पण पाहुणी म्हणून. किल्ली पुन्हा लागायची तर ज्यानं काढवली त्यानंच दारात येऊन मागायची, असं त्या म्हणतात, आणि त्या एकदा म्हणाल्या की म्हणाल्या. वरचं घर नसलेल्या माणसाला खाली कुणी खोली देत नाही. पाणी उतरलं, खोल्या पुसल्या, पण मला तिथे राहता येत नाही.

तेव्हा मी परत येते आहे. तुला हवं होतं तेच झालं. आणखी आठ-दहा दिवसांत गाड्या सुरू होतील म्हणतात. घर सांभाळीन, जेवण करीन. बोलेन असं मात्र धरून चालू नकोस.

धाकटी

—

दि. २१ ऑक्टोबर

मित्रवर्य स्टेशनमास्तर यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला नदीकाठच्या त्या गावाहून येत आहे, हे शिक्क्यावरून कळले असेलच. घराला कुलूप पाहून तुम्ही काळजीत पडला असाल.

धाकटीचे पत्र आले, तेव्हा मला जे हवे होते ते त्यात लिहिलेले होते. ती येत होती. मी ते टेबलावर ठेविले, जेवलो, पुन्हा वाचले. त्यात अभिवादन नव्हते आणि शेवटी लोभाचा उल्लेखही नव्हता. मास्तर, या घरात ती माझ्या समोर बसून गरम पोळी वाढील आणि बोलणार नाही, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आले. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनावर गेलो. गाड्या अर्ध्या वाटेपर्यंतच होत्या. उरलेला प्रवास एका मालवाहू गाडीच्या चालकाशेजारी बसून केला. तो वाटेत अखंड बोलत होता आणि त्याच्या एकाही वाक्यात कर्ता व क्रियापद एकमेकांना ओळखत नव्हते. मी एकही वाक्य दुरुस्त केले नाही.

गाव तुम्ही वर्णिले तसे नाही. चिखलाचा वास आहे, भिंतींवर ओल आहे, आणि एक मनुष्य निळ्या दाराशेजारी यंदाच्या पाण्याची रेघ ओढीत होता. तो मला पाहून हसला. येथील माणसे का हसतात, हे मला अद्याप कळलेले नाही आणि माझी शंका मी राखून ठेवली आहे. घड्याळजी मला वाटेत भेटला. त्याने माझी पिशवी घेऊ पाहिली. इतका विनय, तोही माझ्या त्या पत्रानंतर, मला संशयास्पद वाटला. पिशवी मी दिली नाही. वय मात्र त्याचे लहान आहे, हे मान्य करतो.

धाकटी ओसरीवर होती. मला पाहून ती उठली, एक खुर्ची पुढे केली आणि आत निघून गेली. मी बसलो नाही. आजी उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. मी प्रवासात एक वाक्य सिद्ध करून ठेविले होते. गैरसमज, त्याचे कारण, त्याचा परिणाम आणि विनंती, सर्व त्यात यथाक्रम होते. ते मी म्हटले. आजींनी कानामागे हात धरला आणि मोठ्याने बोलायला सांगितले. मी पुन्हा म्हटले. पुन्हा हात कानामागे. एव्हाना आळीतील खिडक्या उघडल्या होत्या. दोर वळणारी बाई तर हातातले काम घेऊन पायरीवरच बसली. मी कारण गाळले. मग परिणाम गाळला. वाक्य लहान होत गेले, आवाज मोठा होत गेला, आणि शेवटी मी भर आळीत इतकेच ओरडलो की चूक माझी आहे, किल्ली द्या.

आजींनी हात खाली घेतला. किल्ली देण्यापूर्वी त्यांनी मला एकच गोष्ट विचारली: पुढच्या वेळी पाणी आले तर या बाईचे सामान उचलायला तुम्ही येणार आहात का? मी म्हटले की मी लांब राहतो. त्या म्हणाल्या की ते त्यांना ठाऊक आहे. म्हणूनच गावाने किल्ली दिली होती. मग त्यांनी सांगितले की किल्ली मागणाऱ्याने पहिले ओझे खाली न्यायचे असते. माझ्या वयाकडे पाहून घड्याळजी पुढे सरसावला. त्याला त्यांनी डोळ्यांनी मागे बसविले.

म्हणून मी अंथरुणाची वळकटी खांद्यावर घेतली आणि भोंगा हातात. धाकटी किल्ली घेऊन पुढे चालली. दारे उघडी होती, माणसे बाजूला होत होती, आणि मी आयुष्यात प्रथमच कोणाच्याही पाटीवरील चुका न वाचता एका गल्लीतून गेलो. मला धाप लागली होती. ती मागे वळली नाही. अर्ध्या वाटेवर मी वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेण्यास थांबलो, तेव्हा तीही थांबली, पाठ माझ्याकडेच.

मग तिने मागे न पाहताच सांगितले की आजींचे कान उत्तम आहेत, त्यांना पहिल्याच वेळी सगळे ऐकू आले होते. थोडे खाली गेल्यावर ती पुन्हा बोलली. म्हणाली की पुढच्या पायऱ्यांवर चिखल आहे, भिंत धरून ये.

मी भिंत धरली.

ती परत कधी येणार, हे मी विचारलेले नाही. मी केव्हा जाणार, हे तिनेही विचारलेले नाही. आज सकाळी दारावर टकटक झाली आणि वेळ सांगण्यात आली. माझे घड्याळ दोन मिनिटे पुढे होते, असे घड्याळजीचे म्हणणे आहे. मी ते तपासून पाहणार आहे.

तुमचा स्नेह माझ्याविषयी जितका शिल्लक असेल, तितका पुरेल.

आपला,
पंडित